संध्याकाळी मुका होणारा फोन

"अकरा वाजता चालू! दोन वाजता चालू! साडेतीनलाही चालू!"

निंबा धापा टाकत शाळेच्या ओट्यावर येऊन आदळला. वैजूनं गणिताच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन बरोबरच्या खुणा केल्या.

"रुपचंदभाऊंना संशय नाही ना आला?" तिनं विचारलं.

"छे! अकराला मी किती वाजले ते विचारायला गेलो. दोनला पाणी प्यायला. साडेतीनला हरवलेली चप्पल शोधायला. ते डुलक्या घेत होते. रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, 'टूंऽऽ' ऐकू आलं की ठेवून द्यायचा!"

"पण तुझ्या पायात चप्पल असते कधी?" रेणूनं विचारलं.

"म्हणून तर सापडली नाही!"

रेणू खो खो हसली. ती निंबाच्या मामाची मुलगी. सुट्टीत जळगावहून चांदळद्याला आली होती. तिच्या वडिलांचं जळगावात बॅटऱ्या चार्ज करायचं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे वायर, बल्ब, सेल यांतलं आपल्याला सगळं कळतं असं ती म्हणायची, आणि निंबाला ते मुळीच खपायचं नाही.

"आता पाच वाजता कोण जाणार?" निंबानं विचारलं.

"मी," वैजू म्हणाली. ती हसली नव्हती. गेल्या दोन आठवड्यांत ती एकदाही हसली नव्हती.

चांदळदे तसं आडबाजूचं गाव. दीड वर्षापूर्वी ग्रामपंचायतीच्या खोलीत फोन आला, तेव्हा गावानं वाजतगाजत त्याला नारळ फोडला होता. हा फोन तारेवरचा नव्हता, रेडिओवरचा होता. छपरावर एक उंच खांब, त्याच्या टोकाला तालुक्याच्या टॉवरकडे तोंड केलेला अँटेना, शेजारी उन्हावर वीज करणारी काळी काचेची पाटी, आणि खाली टेबलाशी कुलूपबंद पेटीत बॅटरी. रुपचंदभाऊंकडे किल्ली आणि फोनची राखण. पहिलं वर्षभर आवाज असा खणखणीत यायचा, की भिकुबाई सुरतेतल्या लेकाशी बोलताना पदर सावरून बसायची.

गावातली निम्मी तरणी माणसं सुरतेला लूमवर होती. वैजूचे वडील आधारनानाही तिथेच. दर रविवारी पाच वाजता नाना फोन करायचे. वैजू आणि तिची माय लिलाबाई साडेचारपासूनच पंचायतीच्या पायरीवर बसून राहायच्या. मायला त्या यंत्राची भीती वाटायची, म्हणून रिसीव्हर वैजूच घ्यायची आणि नाना काय म्हणाले ते मायला सांगायची.

होळीनंतर फोन बिघडला. पाचच्या सुमाराला नुसती खरखर, दोन शब्द, पुन्हा खरखर, आणि मग काहीच नाही. लाइनमन भटू यायचा, अँटेनाकडे डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "वर टॉवरवर नवीन मशिनरी बसवताहेत. मोठं काम आहे. तोवर सिग्नल कमजोरच राहणार. दोन महिने दम धरा!" गावानं दम धरला. सरकारी काम ते, वेळ लागायचाच.

मार्चच्या शेवटच्या रविवारीही असंच झालं. "वैजू..." एवढं ऐकू आलं, मग खरखर, मग "...हात..." आणि पुन्हा खरखर. मागे भिकुबाई आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. मायचे डोळे वैजूच्या तोंडाकडे लागले होते. "हो नाना! हो, हो!" वैजू म्हणाली. दर रविवारी ती असंच म्हणायची. फोन मेला. रिसीव्हर ठेवून ती मायला म्हणाली, "नाना मजेत आहेत. तू जेवलीस का, विचारत होते."

नाना मजेत नव्हते. आदल्या दिवशी त्यांचा उजवा हात मशीनमध्ये सापडला होता. पट्टी बांधलेल्या हातानं ते फोनवर तीनदा ओरडले होते, "आप्पाले धाडी दे! लगेच धाडी दे!" आप्पा म्हणजे वैजूचे काका. त्या खरखरीतून नानांना लेकीचं "हो, हो" मात्र ऐकू गेलं होतं. म्हणून ते वाट बघत खोलीवर पडून राहिले. आज आप्पा येईल, उद्या येईल. खोलीतले सोबती बारा-बारा तासांच्या पाळीला जायचे. ताप चढला, जखम चिघळली. दहाव्या दिवशी शेजारच्या गावचा एक जण सुट्टीवर आला, तेव्हा घरी कळलं. आप्पा त्याच रात्रीच्या गाडीनं सुरतेला पोचले. "आठ दिवस आधी आणलं असतं, तर हात वाचला असता," डॉक्टर म्हणाले. सातवीच्या परीक्षेच्या शेवटच्या दिवशी वैजू घरी आली, तर नाना बाजेवर बसले होते. उजवी बाही मनगटापासून रिकामी होती.

ते "हो, हो" वैजूनं कोणालाच सांगितलं नव्हतं. निंबालाही नाही. फोन बंद का पडतो ते शोधायचंच, एवढंच ती म्हणाली होती.

पाच वाजता वैजू पंचायतीत गेली. रिसीव्हर उचलला. खरखर. सव्वापाचला तीही नाही.

"आज तिसरा दिवस," ओट्यावर परतून वहीतल्या फुल्यांवर बोट ठेवत ती म्हणाली. "सकाळी आठला बंद. दहानंतर चालू. पाचला बंद. तिन्ही दिवस सारखंच!"

रेणू एकदम ताडकन उठली. "थांब थांब! टॉवरचा सिग्नल कमजोर असेल, तर तो दिवसभर कमजोर असेल ना? ऊन असताना बरा आणि ऊन कललं की कमजोर, असा कुठला सिग्नल?"

"सिग्नलला ऊन आवडत असेल," निंबा म्हणाला.

"गप रे! ऊन त्या काचेच्या पाटीला लागतं. उन्हात पाटीच फोन चालवते. ऊन गेलं की चालवायची कोणी? बॅटरीनं! आणि बॅटरी मेलेली असेल तर? आमच्या दुकानात असली गिऱ्हाइकं रोज येतात. पप्पा म्हणतात, हिच्या पोटात काही ठरतच नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपचंदभाऊंच्या घोरण्याला सूर लागल्यावर तिघं टेबलाखाली शिरली. पेटीला कुलूप होतं, पण बाजूला हवेसाठी चिरा होत्या. आत उजेड पाडायला निंबानं काचेची गोटी काढली होती; रेणूनं ती परत खिशात टाकायला लावली आणि आरशाचा तुकडा काढून उन्हाचा कवडसा आत पाडला.

"ही बघ! टोकांवर हिरवा-पांढरा बुरा चढलाय. जुनाट! ट्रॅक्टरची आहे ही!"

"पण फोन बसला तेव्हा गुरुजींनी आम्हाला दाखवायला आणलं होतं," निंबा कुजबुजला. "तेव्हा नवीकोरी होती. पिवळा पट्टा होता तिच्यावर, आणि सत्तावीस नंबर. माझा हजेरीचा नंबर सत्तावीस, म्हणून लक्षात आहे."

"मग ती सत्तावीस नंबरची गेली कुठे?" वैजू म्हणाली.

निंबाचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "वैजू, अभिमन आबांच्या मळ्यातला टीव्ही लाइट गेल्यावरही चालतो."

अभिमन आबा म्हणजे गावचे सरपंच. होळीच्या सुमारास क्रिकेटचा वर्ल्ड कप होता आणि लाइटचा पत्ता नसायचा. तेव्हा आबांनी मळ्यातला छोटा टीव्ही बॅटरीवर लावला आणि सगळ्या गावाला हाक मारली. पन्नास-साठ माणसं खळ्यात दाटीवाटीनं बसायची. पुढे मॅच संपल्या, पण रविवारचा सिनेमा सुरू राहिला.

"ज्या रविवारी नानांचा फोन आला," निंबा म्हणाला, "त्या दिवशी मी तिथंच होतो. पहिल्या रांगेत."

निंबानं गोटी खिशातून काढली आणि नुसतीच मुठीत धरून ठेवली.

"अजून बघितलेली नाही आपण," रेणू घाईनं म्हणाली. "आधी बघू. मग बोलू!"

मळ्यात कैऱ्या मागायला जायचं ठरलं. सरपंचांच्या घरच्या सुनंदाबाई स्वभावानं मोकळ्या होत्या. "या गं पोरीहो! आते तोडाले सांगस," म्हणत त्या गड्याला हाका मारत झाडाकडे गेल्या. निंबा त्यांच्या मागोमाग गेला आणि "ही नको काकू, ती वरची! नाही नाही, त्याच्यापलीकडची!" असं करत त्यांना झाडाखाली अडकवून बसला. तेवढ्यात वैजू आणि रेणू पडवीत शिरल्या. टीव्हीच्या टेबलाला फुलाफुलांचा पडदा होता. वैजूनं तो उचलला.

पिवळा पट्टा. सत्तावीस.

निंबानं सांगितल्यावरही, कोणीतरी लांबचा, दुष्ट चोर असेल असंच तिला वाटत होतं. इथे तर टेबलावर ओळखीचा तांब्या होता, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं, आणि बाहेर सुनंदाबाई "लिलानी पोरले जास्ती दे रे!" असं ओरडत होत्या.

"हात लावू नकोस," रेणूनं तिला मागे ओढलं. "इथेच राहू दे. इथेच सापडायला हवी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघं तालुक्याला गेली. टेलिफोन ऑफिसच्या शिपायानं "पोरांचं काय काम?" म्हणत त्यांना दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा निंबा दारातच मोठ्यानं रडायला लागला. ते रडणं इतकं भेसूर होतं, की खुद्द साहेबच बाहेर आल्या. साहेब म्हणजे प्रमिलाबाई. चष्मा, निळी साडी, हातात पेन.

"काय झालं याला?"

"काही नाही मॅडम, आता बरं आहे!" निंबा डोळे पुसत म्हणाला.

वैजूनं वही पुढे केली. प्रमिलाबाईंनी खुणा आणि फुल्या पाहिल्या आणि चष्मा वर सरकवला. "टॉवरची नवीन मशिनरी? ती जानेवारीतच बसली. सिग्नल पहिल्यापेक्षा दुप्पट चांगला आहे. चांदळद्याची तक्रारच नाही माझ्याकडे." त्यांनी रजिस्टर उघडलं. चांदळद्यापुढे महिन्यामागून महिना एकच शेरा होता: 'चालू. तक्रार नाही.' खाली भटूची सही. शेजारी गावातर्फे सही रुपचंदभाऊंची.

"आमच्या गावानं दर आठवड्याला सांगितलं," वैजू म्हणाली. "दर आठवड्याला!"

प्रमिलाबाईंनी रजिस्टर मिटलं. "उद्या येते. कोणाला सांगू नका."

पण जीपची धूळ लपते थोडीच? दुसऱ्या दिवशी तीन वाजता जीप पंचायतीपाशी थांबली, तेव्हा अभिमन आबा फेटा बांधून हजर होते, रुपचंदभाऊ टेबल पुसत होते आणि जीपमधून उतरलेला भटू घाम पुसत होता. प्रमिलाबाईंनी रिसीव्हर उचलून ऑफिसला फोन लावला. आवाज खणखणीत!

"बघा मॅडम!" आबा मोठ्यानं हसले. "फोन एकदम फसकलास! पोरं सुटीत रिकामी, काहीतरी खूळ काढतात. चला, चहा घ्या."

जमलेली माणसंही हसली. प्रमिलाबाईंनी पोरांकडे जरा नाराजीनंच पाहिलं. वैजूचे कान तापले. पाच वाजायला दोन तास होते, आणि तोवर चहा पिऊन जीप निघून गेली असती.

"मॅडम, पाचच मिनिटं थांबा!" ती ओरडली. "बॅटरी चांगली असेल, तर ऊन नसताना फोन किती वेळ चालतो?"

"दोन-तीन दिवस तरी."

"रेणू! गोधडी!"

रेणूनं समोरच्या भिकुबाईच्या अंगणातली वाळत घातलेली गोधडी ओढली. भिकुबाई "आवो माय, मनी गोधडी!" म्हणत मागे धावली. तोवर निंबा वानरासारखा छपरावर पोचला होता. त्यानं गोधडी झेलली आणि काळ्या पाटीवर अंथरून वर स्वतःच पालथा पडला.

"झाली रात्र!" तो वरून ओरडला.

प्रमिलाबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. एक मिनिट. दोन. मग त्यांनी रिसीव्हर रुपचंदभाऊंपुढे धरला. "ऐका."

त्यातून काहीच येत नव्हतं.

"किल्ली," प्रमिलाबाई म्हणाल्या. रुपचंदभाऊंनी सगळे खिसे चाचपले, मग कमरेची किल्ली काढून दिली. पेटी उघडली. बुरा चढलेली ट्रॅक्टरची बॅटरी सगळ्या गावानं पाहिली.

"सत्तावीस नंबरची कुठे आहे?"

भटूनं मान खाली घातली. रुपचंदभाऊ छताकडे बघू लागले.

"मळ्यात," वैजू म्हणाली. "आबांच्या टीव्हीखाली. पडद्याआड."

कोणी हसलं नाही. आबांनी फेटा काढला, पुन्हा बांधला. "आता... वर्ल्ड कपपुरती म्हणून... भटूच म्हणाला घेऊन जा म्हणून. गावानंच बघितला ना टीव्ही? मी एकट्यानं बघितला का?"

आणि ते खरंच होतं. जमलेल्यांतला प्रत्येक जण दुसरीकडे पाहू लागला.

त्याच संध्याकाळी सत्तावीस नंबर पेटीत परत आली. फोन पाचलाही बोलू लागला, आठलाही. भटूची बदली झाली. रुपचंदभाऊंकडची किल्ली गुरुजींकडे गेली. आणि अभिमन आबा सरपंचच राहिले.

एक मे रोजी झेंडावंदन आणि निकाल झाल्यावर शाळेच्या पटांगणात तिघांचा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी आबाच! "या पोरांनी गावाचं नाव उजळलं!" ते माइकवरून म्हणाले. "लाइनमनचा भोंगळ कारभार यांनी उघडकीला आणला. मला यांचा अभिमान वाटतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी पाठ थोपटली, प्रमिलाबाईंचं शाबासकीचं पत्र वाचून दाखवलं. निंबाला कंपास पेटी मिळाली, रेणूला पेन, वैजूला नारळ आणि शब्दकोश. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून नाना बसले होते. टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून ते डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होते.

"वैजयंता, दोन शब्द बोल," गुरुजी म्हणाले.

वैजूनं माइक धरला. "मार्चच्या शेवटच्या रविवारी पाच वाजता," ती म्हणाली, "माझ्या नानांनी या फोनवर तीनदा सांगितलं, माझा हात सापडलाय, आप्पाला धाड. तेव्हा बॅटरीवर सिनेमा चालू होता."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. वैजूला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तिनं माइक ठेवला आणि ती खाली उतरली. निंबा आपली कंपास पेटी न उघडताच हातात धरून उभा होता.

घरी आल्यावर ती चुलीपाशी मायजवळ बसली. माय भाकरी थापत होती.

"माय, त्या रविवारी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी नुसतं 'हो, हो' म्हटलं. नाना मजेत आहेत, तू जेवलीस का विचारत होते, ते सगळं मी मनचं सांगितलं. होळीपासून दर रविवारी मनचंच सांगत होते."

मायनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी लावलं.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुना नानानी अठरा वरीसमां माले कधी 'जेवनी का' आसं इचारं नही. मंग फोनवर कसा इचारी?" तिनं भाकरी उलटली. तिचा आवाज खाली गेला. "खोटं शे, समजे माले. पन ऐकाले बरं वाटे. म्हनीसन मी बी इचारं नही."

दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. भाकरीची कड करपायला लागली, तेव्हा मायनं ती काढली.

बाहेरून नानांची हाक आली, "वैजू! आठे ये. शर्टना बटना काढी दे."

वैजू उठली. नाना ओट्यावर मान वर करून बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वरून एकेक बटण सोडवू लागली. सगळ्यात शेवटी तिनं उजव्या बाहीची टाचणी काढली.